कॉस्मिक-२ ची खुली माहितीसेवा: वरच्या हवेसाठी खात्रीची, खालच्या हवेत जपून वापरण्याची

पावसाळ्याच्या चार महिन्यांत अरबी समुद्रावर आणि महाराष्ट्रावर उंचीनुसार हवेचे तापमान कसे बदलत जाते, हे ज्याला घरबसल्या आणि एक पैसाही न मोजता तपासायचे आहे, त्याच्यासाठी आज मिळणाऱ्या सेवांमध्ये कॉस्मिक-२ या छोट्या उपग्रहांच्या समूहाची माहिती सर्वांत भरवशाची आहे, असे माझे मत आहे. मात्र हे मत साधारण आठ किलोमीटरच्या वरच्या हवेपुरतेच आहे. त्याखाली, आणि विशेषतः जमिनीलगतच्या दोन किलोमीटरांत, हीच माहिती डोळे झाकून वापरणारा हमखास फसतो. पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी ही सेवा मी नियमितपणे सुचवत आलो आहे आणि त्यांच्याबरोबर बसून ती वापरतही आलो आहे. त्या वापरातून जे दिसले, त्याच्या आधारे हे परीक्षण लिहीत आहे.

कॉस्मिक-२ हा तैवान आणि अमेरिका यांचा संयुक्त प्रकल्प असून तैवानमध्ये तो फॉर्मोसॅट-७ या नावाने ओळखला जातो. २५ जून २०१९ रोजी फ्लोरिडातील केनेडी अवकाश केंद्रावरून फाल्कन हेवी या अग्निबाणाने त्याचे सहा उपग्रह एकाच वेळी नेले. ब्रिटनमधील सरे सॅटेलाइट टेक्नॉलॉजी या कंपनीने बांधलेल्या या प्रत्येक उपग्रहाचे वजन तीनशे किलोच्या आसपास आहे. आपला इन्सॅट-३डीआर हा हवामान उपग्रह उड्डाणाच्या वेळी दोन टनांहून जड होता, हे लक्षात घेतले की यांना छोटे का म्हणायचे ते कळते. सुरुवातीला सुमारे ७२० किलोमीटर उंचीवर असलेले हे उपग्रह टप्प्याटप्प्याने खाली आणले गेले आणि २०२१ च्या आरंभी सगळे सुमारे ५५० किलोमीटर किंवा त्याहून थोड्या कमी उंचीच्या कक्षांमध्ये स्थिरावले. त्यांच्या कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कल फक्त २४ अंश आहे. म्हणजे ही मोहीम मुळातच उष्ण कटिबंधासाठी आखलेली आहे, आणि त्यामुळे ती आपल्या कामाची आहे.

या उपग्रहांवर कॅमेरा नाही आणि ढगांची छायाचित्रेही ते काढत नाहीत. त्यांच्यावरचे मुख्य उपकरण म्हणजे अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने घडवलेला एक अत्यंत संवेदनशील रेडिओ ग्राहक (रिसीव्हर). पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांचे, तसेच रशियाच्या ग्लोनास उपग्रहांचे संकेत तो ऐकतो. असा एखादा जीपीएस उपग्रह कॉस्मिकच्या दृष्टीने पृथ्वीच्या कडेआड मावळू लागला किंवा कडेवरून उगवू लागला, की त्याचा संकेत वातावरणातून आडवा येतो आणि हवेच्या घनतेनुसार किंचित वाकतो. चौपाटीवर उभे राहिल्यावर क्षितिजाला टेकलेला दिसणारा सूर्य प्रत्यक्षात आधीच क्षितिजाखाली गेलेला असतो, तेच वक्रीभवन इथे रेडिओलहरींच्या बाबतीत घडते. जमिनीलगत हा वाक एक अंशाच्या आसपास असतो आणि स्थितांबरात, म्हणजे ढगांच्या थराच्या वरच्या हवेत, तो अंशाच्या अगदी लहान भागाएवढा उरतो. मिनिट-दोन मिनिटांत संकेत वरच्या थरांतून खाली सरकतो, त्याची कला (लहर आवर्तनाच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते) आणि डॉप्लर बदल (गतीमुळे वारंवारतेत पडलेला फरक) मोजला जातो, आणि त्यावरून प्रत्येक उंचीवरचा वक्रीभवनांक, म्हणजे हवा लहरीला किती वाकवते ते सांगणारा आकडा, मग दाब आणि तापमान काढले जाते. आयनांबराचा, म्हणजे खूप उंचावरच्या विद्युतभारित थराचा, परिणाम वेगळा काढण्यासाठी दोन वारंवारतांचे संकेत एकाच वेळी वापरले जातात. या पद्धतीला रेडिओ पिधान म्हणतात; पिधान म्हणजे एक वस्तू दुसरीच्या आड झाकली जाणे.

ही पद्धत पृथ्वीवर येण्याआधी मंगळावर गेली होती. जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ हे यान मंगळाआड गेले, तेव्हा त्याच्या रेडिओ संकेतात पडलेल्या फरकावरून मंगळाच्या पृष्ठभागावरचा हवेचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी असल्याचे उघड झाले. पृथ्वीच्या बाबतीत मात्र संकेत पाठवणारे भरपूर उपग्रह आयते फिरत असल्याशिवाय याचा उपयोग नव्हता. जीपीएस पूर्ण झाल्यावर, एप्रिल १९९५ मध्ये सोडलेल्या मायक्रोलॅब-१ या लहानशा उपग्रहावर जीपीएस-मेट नावाचा पहिला प्रयोग झाला. जर्मनीच्या चॅम्प उपग्रहाने २००१ पासून या नोंदी घ्यायला सुरुवात केली. एप्रिल २००६ मध्ये पहिल्या कॉस्मिक समूहाचे सहा उपग्रह एकाच अग्निबाणातून गेले. ते तर सत्तर किलोच्या आतबाहेरचेच होते. एकामागून एक बंद पडत जाऊन १ मे २०२० रोजी तो समूह अधिकृतपणे निवृत्त झाला, तोवर त्याने पृथ्वीच्या सर्व भागांतून सत्तर लाखांच्या आसपास नोंदी दिल्या होत्या.

हवामानबदलाच्या अभ्यासकांना या पद्धतीचे इतके अप्रूप का, हे समजण्यासाठी तिच्या स्पर्धकांकडे पाहावे लागते. मोठ्या उपग्रहांवरची सूक्ष्मलहरी उपकरणे १९७८ च्या अखेरीपासून वातावरणाचे तापमान मोजत आहेत, पण एका उपग्रहावरचे उपकरण दुसऱ्याशी जुळवून घेणे ही तिथली कायमची डोकेदुखी आहे. उपग्रह हळूहळू खाली घसरतो, त्याची डोक्यावरून जाण्याची स्थानिक वेळ पुढेमागे सरकते, आणि या दोन्हींमुळे खोटी तापमानवाढ किंवा खोटी थंडी नोंदली जाऊ शकते. १९९८ मध्ये कक्षेच्या घसरणीचा परिणाम राहून गेल्याचे दाखवले गेले. २००५ मध्ये दिवस-रात्रीच्या फरकासाठी केलेल्या दुरुस्तीचे चिन्हच उलटे असल्याचे निघाले. दोन्ही वेळा कोरड्या आकड्यांवरून मोठा वाद झाला, कारण त्या दुरुस्त्यांवर तपांबर, म्हणजे जमिनीलगतचा ढग-पावसाचा थर, खरोखर तापत आहे की नाही याचे उत्तर अवलंबून होते. रेडिओ पिधानात मोजली जाते ती वेळ, आणि ती जीपीएसच्या अणुघड्याळांशी बांधलेली असते. त्यामुळे चॅम्पच्या नोंदी, पहिल्या कॉस्मिकच्या नोंदी आणि कॉस्मिक-२ च्या नोंदी एकमेकींशी जुळवण्यासाठी फारशी ओढाताण करावी लागत नाही. दीर्घकालीन मोजमापासाठी हा गुण इतर सर्व गुणांपेक्षा मोठा आहे, असे मी मानतो.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. माहितीवर प्रक्रिया करून ती सर्वांसाठी खुली ठेवण्याचे काम अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथील यूकार ही विद्यापीठांची संस्था करते. संकेतस्थळावर वर्ष आणि वर्षातला कितवा दिवस या क्रमाने कप्पे केलेले आहेत, आणि एका दिवसाच्या सगळ्या नोंदी एका गाठोड्यात मिळतात. गाठोडे उघडले की हजारो लहान फाइली बाहेर पडतात, प्रत्येक फाइल म्हणजे एक पिधान. फाइलीच्या नावातच उपग्रहाचा क्रमांक, वर्ष, दिवस, तास, मिनिट आणि ज्या जीपीएस किंवा ग्लोनास उपग्रहाचा संकेत ऐकला त्याचा क्रमांक लिहिलेला असतो. सगळ्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत आहेत, म्हणून आपल्या घड्याळासाठी साडेपाच तास मिळवावे लागतात. रात्री बाराच्या आसपासच्या नोंदी शोधताना विद्यार्थी नेमके इथेच चुकतात आणि दुसऱ्याच दिवसाचे गाठोडे उतरवून बसतात.

उदाहरणादाखल २०२१ सालचा १३७ वा दिवस घ्यावा. तो १७ मे, म्हणजे तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेकडून वर सरकत रात्री गुजरातच्या किनाऱ्याला धडकले तो दिवस. त्या दिवसाचे गाठोडे उतरवून, प्रत्येक फाइलीतले अक्षांश-रेखांश वाचणारा दहा-बारा ओळींचा पायथन प्रोग्रॅम चालवून, पूर्व अरबी समुद्रावरच्या नोंदी वेगळ्या काढणे हा मी देत असलेला पहिला स्वाध्याय आहे. त्यात विद्यार्थ्यांना एक गोष्ट आपोआप दिसते. एका फाइलीत एकच अक्षांश-रेखांश नसतात, प्रत्येक उंचीला वेगळे असतात. दोन्ही उपग्रह फिरत असल्यामुळे किरणाचा पृथ्वीला सर्वांत जवळचा बिंदू उंची बदलताना आडवाही सरकतो, कधी शंभर किलोमीटरहूनही अधिक. नकाशावर एक ठिपका मारून मोकळे होणाऱ्याला हे माहीत असायला हवे. सेवेची एक उणीवही इथेच जाणवते. भूभागानुसार नोंदी निवडून घेण्याची सोय या साठ्यात नाही, त्यामुळे ज्याला फक्त कोकण किनाऱ्याच्या नोंदी हव्या आहेत त्यालाही साऱ्या उष्ण कटिबंधाचे गाठोडे घरी आणावे लागते. ज्या महाविद्यालयात इंटरनेट धिमे आहे तिथे हे काम रात्री लावून ठेवणेच बरे.

या खटाटोपाचे फळ पावसाळ्यात मिळते. अवरक्त किरणांवर चालणारी उपकरणे, मग ती भूस्थिर उपग्रहावरची असोत किंवा ध्रुवीय कक्षेतील, ढगाच्या माथ्यापाशी थांबतात आणि त्याखालच्या हवेबद्दल त्यांना काही सांगता येत नाही. जून ते सप्टेंबर या काळात पश्चिम किनाऱ्यावर आणि लगतच्या समुद्रावर निरभ्र आकाश मिळायचे कधी? जीपीएसच्या लहरींची लांबी सुमारे १९ आणि २४ सेंटिमीटर असल्यामुळे ढगांतले थेंब आणि पाऊस त्यांना जवळजवळ अडवत नाहीत. त्यामुळे ऐन जुलैत, दिवसभर सूर्य न दिसलेल्या दिवशीही, कोकणावरची नोंद तपस्तब्धीपर्यंत, म्हणजे तपांबर आणि स्थितांबर यांच्यामधल्या सीमेपर्यंत, आणि त्याही वर स्वच्छ मिळते. सोळा-सतरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ऐंशी अंशांच्या आसपास उतरते आणि तिथून ते पुन्हा चढू लागते, हे टोक आलेखावर इतके रेखीव दिसते की वर्गात तपस्तब्धीची व्याख्या वेगळी सांगावी लागत नाही. उंचीनुसार हवेचे शंभर-दोनशे मीटरांचे थर वेगळे दाखवण्याची ही क्षमता सूक्ष्मलहरी उपकरणांमध्ये नाही. ती अनेक किलोमीटर जाडीच्या थराची सरासरीच देऊ शकतात.

पडताळणीसाठी आपल्याकडे चांगले साधन आहे. भारतीय हवामान विभाग सांताक्रूझ, नागपूर, रत्नागिरी, पणजी अशा केंद्रांवरून रेडिओसाँडचे, म्हणजे हवा मोजत वर जाणाऱ्या आणि आकडे रेडिओने पाठवणाऱ्या उपकरणाचे, फुगे सोडतो, त्यांच्या प्रमाण वेळा भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच अशा आहेत, आणि त्यांचे आकडे सार्वजनिकरीत्या पाहता येतात. फुग्याच्या वेळेच्या आधीनंतर तीन तास आणि केंद्राभोवती तीनशे किलोमीटर, अशा मर्यादेत येणारी कॉस्मिकची नोंद निवडली की दोन्हींची तुलना करता येते. आठ ते पंचवीस किलोमीटर या पट्ट्यात दोन्ही रेषा बहुधा अंश-दीड अंशाच्या आत राहतात, आणि जिथे त्या त्याहून दूर जातात तिथे चूक कॉस्मिकचीच असेल असे समजण्याचे कारण नसते. फुगा वाऱ्याबरोबर वाहत जातो, वरच्या विरळ हवेत त्याच्या संवेदकावर ऊन पडून तो तापतो, आणि वर्षानुवर्षांत उपकरणांचे प्रकार बदलल्यामुळे जुन्या नोंदींची सलगता तुटते. खुल्या समुद्रावर तर फुगे जवळजवळ नाहीतच. मोसमी वारे ज्या अरबी समुद्रावरून येतात तिथली उभी नोंद हवी असेल, तर विमान किंवा जहाज मोहिमेव्यतिरिक्त हाच मार्ग राहतो.

खालच्या हवेकडे वळले की चित्र बदलते, आणि हा भाग मी जरा विस्ताराने सांगतो, कारण सेवेच्या माहितीपत्रकात ही बाब असली तरी नवखा वाचक ती ओलांडून पुढे जातो. वक्रीभवनांक दोन गोष्टींनी ठरतो: कोरड्या हवेचे दाब व तापमान, आणि हवेतले बाष्प. उपग्रह मोजतो तो एकच आकडा, पण अज्ञात राशी दोन. उंचावर बाष्प नगण्य असल्यामुळे तिथे प्रश्न उद्भवत नाही. समुद्रसपाटीजवळ मोसमी हवेत मात्र बाष्पाचा वाटा एकूण वक्रीभवनांकाच्या पाव हिश्शाहून अधिक असू शकतो. सेवेत दोन प्रकारच्या फाइली मिळतात. पहिल्या प्रकारात हवा कोरडी आहे असे गृहीत धरून तापमान काढलेले असते. एका विद्यार्थ्याने जुलैतल्या मुंबईलगतच्या नोंदीत याच फाइलीतले तापमान थेट समुद्रापर्यंत रेखाटले, आणि आलेखाच्या तळाशी तापमान शून्याच्या कितीतरी खाली गेलेले पाहून तो चक्रावून गेला. उपकरणात काहीही बिघाड नव्हता. बाष्पाने वाढवलेला वक्रीभवनांक त्या गणिताने थंड हवेच्या खाती जमा केला होता, इतकेच.

दुसऱ्या प्रकारच्या फाइलीत हे कोडे सोडवलेले असते, पण त्यासाठी संगणकीय हवामान प्रारूपाचा अंदाज सोबत घेतलेला असतो. उपग्रहाचे मोजमाप आणि प्रारूपाचा अंदाज या दोहोंना त्यांच्या त्यांच्या विश्वासार्हतेप्रमाणे वजन देऊन तापमान आणि बाष्प वेगळे काढले जातात. हे शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे. परंतु त्याच फाइलीतले खालच्या थराचे तापमान घेऊन एखाद्या प्रारूपाची परीक्षा घेणे म्हणजे परीक्षार्थ्याकडूनच अर्धी उत्तरपत्रिका लिहवून घेण्यासारखे आहे. ज्याला प्रारूप तपासायचे आहे त्याने तापमानाच्या मागे न लागता वक्रीभवनांक किंवा त्याहून मूळचा वाकण्याचा कोन वापरावा. जगभरच्या मोठ्या हवामान केंद्रांतही मुख्यत्वे हाच कोन प्रारूपात घेतला जातो. असे प्रकल्प-अहवाल माझ्याकडे तपासायला येतात ज्यांत हा भेद पाळलेला नसतो आणि निष्कर्ष मात्र ठासून लिहिलेले असतात.

शिवाय सगळ्या नोंदी जमिनीपर्यंत पोहोचतात असेही नाही. पहिल्या कॉस्मिकपेक्षा या उपग्रहांचा ग्राहक आणि अँटेना पुष्कळ सरस असल्यामुळे बऱ्याच नोंदी समुद्रसपाटीपासून एक किलोमीटरच्या आतपर्यंत उतरतात, आणि उष्ण कटिबंधातील दमट हवेचा विचार करता ही मोठीच मजल आहे. पण हिवाळ्यात अरबी समुद्रावर दमट थराच्या माथ्यावर कोरड्या हवेचे झाकण बसते, तेव्हा तिथे वक्रीभवनांक उंचीनुसार इतक्या झपाट्याने घटतो की किरण त्या थरातच अडकतो, आणि त्याखालचे आकडे मिळाले तरी ते प्रत्यक्षाहून कमी निघतात. सह्याद्रीच्या रांगेवर तर डोंगरच आड येतो. कोकणातल्या दमट उष्म्याचा किंवा पुण्याच्या पहाटेच्या गारठ्याचा अभ्यास या सेवेवर उभारू नये.

तिसरी मर्यादा आडव्या दिशेची. किरण हवेतून आडवा येत असल्यामुळे प्रत्येक आकडा सुमारे दोनशे ते तीनशे किलोमीटर लांबीच्या पट्ट्यातील हवेची गोळाबेरीज असतो. मुंबई ते नाशिक हे अंतर त्यात सहज मावते. ठरावीक ठिकाणी ठरावीक वेळी नोंद मिळेल याचीही हमी नाही. दिवसाला एकूण चार ते पाच हजार नोंदी मिळतात हा आकडा मोठा वाटतो, पण त्या साधारण ४५ अंश उत्तर ते ४५ अंश दक्षिण या पट्ट्यावर विखुरलेल्या असतात, आणि त्या पट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ३६ कोटी चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राच्या तीन लाख सात हजार चौरस किलोमीटरांच्या वाट्याला सरासरीने दिवसाला चार नोंदी येतात. गोव्यासारख्या लहान राज्याला एका नोंदीसाठी तीन आठवडे थांबावे लागेल. म्हणून एखाद्या तालुक्याचे किंवा एका दिवसाचे हवामान पाहण्यासाठी नव्हे, तर महिन्यांची आणि ऋतूंची सरासरी काढण्यासाठी ही माहिती वापरणे शहाणपणाचे.

सरासरीच्या त्या कामात मात्र ती चोख आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालात, निदान २००१ पासून उष्ण कटिबंधातील वरचे तपांबर भूपृष्ठालगतच्या हवेपेक्षा अधिक वेगाने तापले असल्याचे मध्यम खात्रीने नोंदवले आहे. २००१ हे वर्ष तिथे यावे याचे कारण सलग पिधान नोंदी तेव्हापासूनच सुरू होतात. वरचे तपांबर अधिक तापणे हे प्रारूपांनी आधीच वर्तवलेले होते, परंतु फुगे आणि सूक्ष्मलहरी उपकरणे यांच्या नोंदींतून ते निर्विवाद दाखवता येत नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळच्या हुंगा ज्वालामुखीने प्रचंड प्रमाणात पाण्याची वाफ स्थितांबरात फेकली, आणि त्या वाफेमुळे नंतरच्या महिन्यांत तिथली हवा थंड झाली. हे बदल उंचीनिहाय पाहायचे असतील तर कॉस्मिक-२ च्याच फाइलींचे महिन्यावार सरासरी आलेख काढता येतात, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला ते एका सत्रात जमण्यासारखे आहे.

सेवेच्या भवितव्याबद्दल मी तितका निश्चिंत नाही. मूळ आराखड्यात ध्रुवीय प्रदेशांसाठी आणखी सहा उपग्रहांचा दुसरा संच होता. पैशाअभावी २०१७ मध्ये तो रद्द झाला, आणि ती जागा खासगी कंपन्यांकडून विकत घेतलेल्या नोंदींनी भरून काढण्याचे धोरण अमेरिकेने स्वीकारले. स्पायर ही त्यांपैकी एक. तिचे लेमूर उपग्रह दहा सेंटिमीटर रुंद, तितकेच जाड आणि तीस सेंटिमीटर उंच, वजनाला पाचेक किलोचे. यांतले चार २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून अॅस्ट्रोसॅटबरोबर पीएसएलव्हीने गेले होते. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे विमाने जमिनीवर आली आणि विमानांकडून मिळणाऱ्या तापमानाच्या नोंदी एकाएकी आटल्या, तेव्हा याच कंपनीने आपल्या नोंदी युरोपच्या मध्यमपल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राला काही महिने विनामूल्य दिल्या आणि अंदाज सुधारण्यास त्यांचा उपयोग झाला. एवढ्याशा उपग्रहाकडून हे काम होते, हे कौतुकास्पद आहे. पण विकत घेतलेल्या माहितीच्या वाटपावर कराराची बंधने येतात, आणि भारतातील एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थी त्या बंधनांच्या बाहेरच्या बाजूला राहतो. कॉस्मिक-२ चे ठरलेले आयुष्य पाच वर्षांचे होते आणि ते २०२४ मध्ये पूर्ण झाले. हवामानबदलाची नोंद खंड न पडता चालायला हवी असेल, तर खुल्या नोंदींचा पुढचा संच वेळेत असणे गरजेचे आहे.

इतर छोट्या उपग्रहांच्या सेवांशी थोडी तुलना करायला हवी. डिसेंबर २०१६ मध्ये सोडलेले नासाच्या सिग्नस मोहिमेचे लहान उपग्रह समुद्रावरून परावर्तित झालेल्या जीपीएस संकेतांवरून वाऱ्याचा वेग मोजतात. चक्रीवादळांचा अभ्यास करणाऱ्यासाठी ते अधिक थेट उपयोगी आहेत, पण हवेच्या उभ्या रचनेबद्दल ते काही सांगत नाहीत. मे २०२३ मध्ये न्यूझीलंडहून सोडलेल्या ट्रॉपिक्स या चार क्यूबसॅटनी (दहा सेंटिमीटरचे ठोकळे जोडून बांधलेल्या चिमुकल्या उपग्रहांनी) उष्ण कटिबंधावर सूक्ष्मलहरी मोजमापे फार कमी अंतराने घेण्याचा नवा मार्ग दाखवला. त्यांच्याआधीचे दोन जून २०२२ मध्ये अग्निबाणाच्या अपयशात नष्ट झाले होते आणि तरीही मोहीम पार पडली, यात लहान उपग्रहांचा खरा फायदा दिसतो. मे-जून २०२४ मध्ये गेलेले प्रीफायर हे दोन क्यूबसॅट ध्रुवांकडून अवकाशात निसटणारी दूर-अवरक्त उष्णता मोजतात. विषय अत्यंत महत्त्वाचा, पण आपल्या भागापासून दूरचा.

आपल्याकडेही याच भौतिकशास्त्राला हात घातला गेला आहे. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला, दहा किलो वजनाचा प्रथम हा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी गेला, आणि आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या मोजणे हे त्याचे उद्दिष्ट होते. कॉस्मिक-२ हीच राशी रोज हजारो मार्गांवर मोजतो आणि तीही खुली आहे. इस्रोने ओशनसॅट-२ आणि मेघा-ट्रॉपिक्स या उपग्रहांवर इटलीचे रोसा हे पिधान-उपकरण नेले होते. पीएसएलव्हीने परदेशी लेमूर नेऊन पोहोचवणाऱ्या देशाकडे स्वतःचा पिधान-उपग्रहांचा समूह असू नये, हे मला खटकते.

ज्याला उद्या आपल्या शेतावर पाऊस पडेल का हे विचारायचे आहे, त्याने या सेवेच्या वाटेला जाऊ नये. त्याच्यासाठी हवामान विभागाचा अंदाज आहे, आणि त्या अंदाजामागच्या प्रारूपात या नोंदी आधीच गेलेल्या असतात. भौतिकशास्त्र, भूगोल किंवा वातावरणविज्ञानाचा विद्यार्थी, नेटसीडीएफ प्रकारच्या (शास्त्रीय आकडे साठवण्याच्या) फाइली उघडण्याइतके प्रोग्रॅमिंग जाणणारा हौशी अभ्यासक, आणि फुग्यांच्या नोंदींची पडताळणी करू पाहणारा संशोधक, यांना मी ती निःशंकपणे सुचवीन. सुरुवात करणाऱ्याने ताज्या नोंदींऐवजी मागाहून पुन्हा प्रक्रिया केलेला संच आधी घ्यावा, कारण ताज्या संचात गणिताची पद्धत मध्येच बदललेली असू शकते आणि वर्षावर्षांची तुलना त्याने बिघडते. प्रत्येक फाइलीत नोंद सदोष असल्याची खूण असते, ती वाचून तशा नोंदी पहिल्याच पायरीला गाळाव्यात. त्यानंतर एका जुलै महिन्यातल्या सांताक्रूझभोवतालच्या नोंदी काढाव्यात, त्यांचा आठ किलोमीटरखालचा भाग तूर्त बाजूला ठेवावा, आणि राहिलेल्या भागाची फुग्याच्या आकड्यांशी तुलना करून मगच पुढच्या कामाला हात घालावा.